कण्हेरीचा हट्ट सोडा, तरवड पेरा

«काका, नमस्कार. जुळे सोलापुरात आम्ही नवीन घर बांधलंय. पश्चिमेच्या कंपाउंडच्या भिंतीलगत वीस फूट लांब आणि चार फूट रुंद पट्टा रिकामा आहे. दुपारी बारापासून मावळेपर्यंत तिथं ऊन असतं. मागच्या वर्षी मी मोगरा, गुलाब आणि जास्वंद लावली होती. रोज संध्याकाळी न चुकता पाईपनं पाणी घालत होते, तरी मे महिन्यात सगळं वाळून गेलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, बोअर आहे पण पाणी क्षाराचं आहे. मला बारा महिने हिरवं राहील आणि फुलंही देईल असं झुडूप हवंय. पुण्याला जाताना महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर भर उन्हात फुललेली दिसते, तीच लावावी म्हणते. सासूबाई म्हणतात, कण्हेर महादेवाला चालते पण दारात नको. घरात दोन वर्षांचा मुलगा आहे आणि गल्लीतल्या गाई फाटकावरून मान आत घालतात. तर कण्हेर लावू का? कशी लावू? – एक वाचक, जुळे सोलापूर»

ताई, नमस्कार.

तुमच्या सासूबाईंचं ऐका. कारण त्या देतात ते नसेल कदाचित, पण निकाल बरोबर आहे.

कण्हेरीची आधी बाजू घेतो, कारण झाड खरोखर कसलेलं आहे. तिचं एक पान उलटं करून उन्हाला धरा. खालच्या बाजूला बारीक खळगे दिसतील, भिंग असेल तर त्यात लव पण दिसेल. पान ज्या छिद्रांतून श्वास घेतं ती छिद्रं या खळग्यांत, लवेच्या आड बसलेली असतात. गरम वारा वरून निघून जातो, आतली ओल तो ओढू शकत नाही. वरून पान चामड्यासारखं जाड. म्हणून ती डिझेलच्या धुरात आणि डांबराच्या झळीत हिरवी राहते. दुभाजकावर तिला लावतात त्याची आणखी दोन कारणं आहेत. समोरच्या गाडीचा उजेड अडतो, आणि जनावर तिला तोंड लावत नाही.

तोंड लावत नाही, कारण ती मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. तिच्यातलं द्रव्य थेट हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं. पान वाळलं तरी विष जात नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. हिरव्या कडू पानाला गाय सहसा शिवत नाही. पण तुम्ही छाटणी करून फांद्या फाटकाबाहेर टाकल्या, त्या सुकल्या आणि कडब्यात किंवा कचऱ्यात मिसळल्या, की तीच गाय त्या खाते. फांद्या जाळल्या तर धूरही त्रासाचा. मोठ्या माणसांच्या घरात मी कण्हेर खुशाल लावा म्हणतो, हात धुवा एवढंच बजावतो. पण दोन वर्षांचं मूल जग तोंडानं ओळखतं. माझा नातू त्या वयात चपलेचा बंद, खडू आणि एकदा मुंगळा, सगळं चाखून बघायचा. मुलगा शाळेत जायला लागला, की पुन्हा पत्र लिहा, तेव्हा कण्हेरीचं बोलू. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तर तेव्हाही नको. तिची हिरवी तिकोनी फळं बघितली की मुलांचे हात आपोआप जातात. आम्ही लहानपणी त्या बिट्ट्यांनी खेळलो, आज आठवलं की अंगावर काटा येतो, कारण आतलं बी प्राणघातक असतं.

आता तुमच्या भिंतीकडे येऊ.

तुमचा मोगरा पाण्यावाचून मेला नाही. येत्या एप्रिलात एक करा: रात्री नऊ वाजता त्या भिंतीला तळहात लावा. गरम लागेल. दुपारभर प्यायलेलं ऊन ती अर्ध्या रात्रीपर्यंत बाहेर टाकत असते, म्हणजे तुमच्या झाडांना दिवसही तापलेला आणि रात्रही तापलेली. त्यात रोज संध्याकाळी पाईपनं शिंपडलेलं पाणी. आपल्या काळ्या मातीत एवढ्यानं वरची दोन बोटं भिजतात, सकाळी अकराला ती दोन बोटं वाळतात, आणि क्षार वर पांढरा होऊन बसतो. झाडाची मुळं ओलीच्या मागे जातात. ओल वर असेल तर मुळंही वरच राहतात, आणि मे महिन्यात तेच दोन बोटांचं थर तव्यासारखं तापतं. तुम्ही मायेनं रोज पाणी घातलंत आणि मुळांना वर राहायची सवय लावलीत. सोलापुरात निम्म्या बागा अशाच मरतात, हे मी आता कंटाळा येईपर्यंत सांगून झालोय.

तर त्या जागेला असं झाड हवं जे मुळं खाली धाडतं, ज्याला खत-पाण्याचे लाड नकोत, जे मुलाला घातक नाही आणि ज्याला गाय ओरबाडत नाही. असं झाड तुम्ही पाहिलेलं आहे. कोजागिरीला तुळजापूरला चालत गेला असाल किंवा नुसत्या एसटीनं, हिप्परग्याचा तलाव मागे पडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड उतारावर कमरेएवढी झुडपं असतात, शेंड्याला पिवळ्याधमक फुलांचे घोस. तो तरवड. नवरात्रात घटाला ज्याची माळ घालतात तोच. आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत त्याला तंगेडु म्हणतात, बतकम्मा, म्हणजे सणाची फुलांची उतरंड, रचताना त्याच फुलांचा मान असतो. तेलंगणानं तर त्याला राज्यफूल केलंय. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणाऱ्याला विचारा, तो आवरिके म्हणेल. तीन भाषांत नाव आहे, आणि एकाही घराच्या कंपाउंडात झाड नाही. फुकट मिळतं म्हणून असेल.

मी स्वतः त्याच्याकडे वळलो ते दोनदा तोंडघशी पडून. पहिल्यांदा पावसाळ्यात माळावरून हाताएवढी सहा रोपं कुदळीनं खणून आणली, चांगली मातीच्या गोळ्यासकट. आठवड्यात सहाच्या सहा वाळली. तरवडाचं सोटमूळ सरळ पाताळात जातं. वर वीतभर झाड दिसतं तेव्हा खाली हातभर मूळ असतं, आणि ते तुटलं की संपलं. दुसऱ्यांदा एका रोपवाटिकेत विचारलं, त्यांनी छातीठोकपणे ‘हाच तरवड’ म्हणून रोप दिलं. दोन वर्षांत ते बारा फूट वाढून विजेच्या तारेला लागलं. पिवळी फुलं होती हे खरं, पण पिवळं फूल म्हणजे तरवड नव्हे. तेव्हापासून मी तरवड फक्त बियांपासून करतो, तेही जिथं वाढायचा तिथंच पेरून.

ओळख नीट पटवून घ्या, कारण त्याचा एक भाऊबंद घरात नको आहे. फांदीला जिथं पान फुटतं तिथं देठाच्या बुडाशी बघा. तरवडाला तिथं कानाच्या पाळीसारखं गोल, हिरवं उपपान असतं, फांदीला बिलगलेलं. एकदा ते पाहिलं की मग झाड लांबून ओळखू येतं. पान चिंचेसारखं, मधल्या देठाच्या दोन्ही अंगांना छोट्या पानांच्या, म्हणजे दलांच्या जोड्या; पण दलं जरा मोठी, आठ ते बारा जोड्या, टोकाला बोथट आणि त्यावर केसाएवढं टोक. साल तांबूस तपकिरी. दक्षिणेत याच सालीनं कातडी कमावत आले. शेंग पातळ, चपटी, कागदासारखी. याउलट पावसाळ्यात उकिरड्यावर उगवतो तो कासविंदा: दलं मोठी, टोकदार, चार-पाच जोड्याच, आणि पान चुरगाळलं तर घाण वास. त्याच्या बिया लहान मुलांना फार घातक असतात. शेंगा गोळा करताना शंका आली तर ती शेंग तिथंच सोडा.

आत्ता फेब्रुवारी आहे, म्हणजे तुमचं पत्र वेळेवर आलं. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपासून माळावर तरवडाच्या शेंगा वाळायला लागतात. तपकिरी झालेली, हलवली की आत खुळखुळणारी शेंग घ्या. हिरवी नको. पाच-सहा झाडांवरून थोड्या थोड्या घ्या, एकाच झाडाला ओरबाडू नका. आणि हो, नान्नजच्या माळढोक अभयारण्यात शिरू नका, रस्त्याच्या कडेचा आणि बांधावरचा तरवड पुष्कळ आहे. वीस-पंचवीस शेंगा पुरे होतील, एकेकीत डझनभर तरी बिया निघतात. सावलीत वाळवा, कागदाच्या पुडीत ठेवा, वर नाव लिहा आणि पुडी मुलाचा हात पोचणार नाही अशी ठेवा.

पेरणीआधी जागा. नव्या घराच्या भिंतीलगत माती कमी आणि बांधकाम जास्त असतं. विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, वाळू. तरवड मुरमात वाढतो, पण सिमेंटच्या लाद्याखाली मूळ शिरत नाही. वीस फुटांत पाच खड्डे घ्या, दोन्ही टोकांना दोन फूट सोडून, एकमेकांत चार फूट अंतर. भिंतीपासून अडीच फूट पुढे. खड्डा दीड-दोन फूट खोल. मजूर म्हणेल, ‘एक फूट पुरे हो’. उभं राहून खणून घ्या. राडा बाहेर फेका. मुरूम लागला तर तो राहू द्या, उलट चांगलं. भरताना तीच माती, त्यात दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत, बस. जास्त खत घातलं की झाड लुसलुशीत वाढतं आणि उन्हाला टिकत नाही. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं उंच, कासवाच्या पाठीसारखा ठेवा. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस हुलकावण्या देतो आणि सप्टेंबरात एकदम कोसळतो. काळ्या मातीत तेव्हा पाणी साचलं तर तरवडाचं मूळ कुजतं. दुष्काळात टिकणारं झाड चिखलात मरतं, हे त्याचं एकच नखरेल अंग. हे खड्डे मे महिन्यातच घेऊन ठेवा, उन्हात तापू द्या.

बियांचं कवच दगडासारखं असतं. नुसती पेरली तर काही याच वर्षी उगवतील, काही पुढच्या. जूनच्या पहिल्या बऱ्या पावसानंतर चाळीसेक बिया एका वाटीत घ्या. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि ते वाटीत ओता. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी बघाल तर काही बिया दुप्पट फुगलेल्या असतील, काही जशाच्या तशा. फुगलेल्या त्याच दिवशी पेरायच्या. न फुगलेल्यांना पॉलिश पेपरवर एका बाजूनं जरा घासा आणि पुन्हा भिजवा. प्रत्येक खड्ड्यात तीन बिया, बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्यापर्यंत खोल. आठवडा ते पंधरवड्यात उगवतील. वीतभर झाली की त्यातलं सगळ्यात दणकट ठेवा, बाकीची कात्रीनं बुडातून कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं.

पाण्याचं गणित आता सांगतो, आणि यात मात्र माझ्या शब्दाबाहेर जाऊ नका. पावसाळ्यात आठ-दहा दिवस उघडीप पडली तरच पाणी. दिवाळीनंतर दर दहा दिवसांनी झाडाला एक बादली, म्हणजे साधारण पंधरा लिटर, एकदम आणि सावकाश. पाच झाडांना पंच्याहत्तर लिटर झालं. नळ येतो त्या दिवशी दोन ड्रम भरत असाल तर हे सहज निघतं. पहिल्या उन्हाळ्यात, मार्च ते मे, आठवड्याला एक बादली. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. तिसऱ्या वर्षी दुपारी नव्हे, सकाळी सातला पानं मलूल दिसली तरच. दुपारी चारला सगळीच झाडं तोंड पाडतात, सोलापूरकरांसारखी. त्यावर भुलायचं नाही.

बादली ओतून पाणी वाहून जात असेल तर जुनं मडकं घ्या. बुडाला खिळ्यानं बारीक भोक पाडा, त्यात सुतळीची वात अडकवा, आणि रोपापासून वीतभर लांब गळ्यापर्यंत पुरा. वर झाकण घाला, डासांसाठीही आणि मुलासाठीही. पाणी खाली झिरपतं, मूळ त्याच्या मागे खाली जातं. पुरेसं खोल भिजलं की नाही ते बघायला लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. वीतभर सहज गेला तर पाणी पोचलं. चार बोटांवर अडला तर तुम्ही पुन्हा जुन्या सवयीवर गेलात.

बोअरचं पाणी चालेल, तरवड खारवट जमीन सोसतो. एसीचं पाणी उत्तम. वॉशिंग मशीनचं पाणी मात्र नको, साबणातला सोडा काळ्या मातीला विटेसारखी घट्ट करतो. उघड्या मातीवर उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, लोक जाळून टाकतात.

पहिल्या वर्षी झाड गुडघ्याएवढंच होईल आणि तुम्हाला वाटेल काकांनी फसवलं. खाली काय चाललंय ते दिसत नाही ना. दुसऱ्या पावसाळ्यात ते कमरेवर जाईल आणि तेव्हा फुलेल. पुढे पाच-सहा फुटांवर थांबतं. दर जूनमध्ये पहिल्या पावसावर शेंड्याचा तिसरा हिस्सा छाटा, म्हणजे बुडापासून भरगच्च राहील. जुन्या जाड लाकडात कात्री घालू नका. सदाहरित असलं तरी मे महिन्यात थोडी पानं गाळून ते विरळ होईल. घाबरून पाईप हातात घेऊ नका.

ते फुललं की एक दिवस सकाळी मुलाला घेऊन जवळ बसा, जरा हातभर लांब. मोठा काळा भुंगा येईल, फुलाला उलटा लटकेल आणि एकदम घरघर आवाज करेल, मोबाईल व्हायब्रेट होतो तसा. या फुलात मध नसतो, परागही मोकळे नसतात; पुंकेसराच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातून ते हलवून बाहेर काढावे लागतात, मिरेपुडीच्या डबीसारखे. भुंगा थरथरून तेच करतो. पिवळसर फुलपाखरंही घिरट्या घालतील, पानावर अंडी घालतील, मग हिरव्या अळ्या थोडी पानं खातील. खाऊ द्या. फवारणी केली तर फुलपाखरू पण गेलं.

तरवड औषधी आहे म्हणून कोणी त्याच्या फुलांचा चहा प्या, पाला वाटून घ्या असं सांगेल. वैद्याला विचारल्याशिवाय काही करू नका, मुलाच्या बाबतीत तर नाहीच. कण्हेरीसारखा तो जीवघेणा नाही, एवढाच माझा दावा आहे. तो भाजी नाही.

आणि एवढी दोन वर्षं थांबायचा धीर नसेल तर? मग मधल्या तीन जागी तरवड पेरा आणि दोन टोकांना रोपवाटिकेतून टेकोमा आणा, पिवळ्या घंटांचा. तो वर्षात फुलतो, पाणीही कमी मागतो. फक्त शेंगा पिकायच्या आत कापा, नाहीतर गल्लीभर उगवेल. बोगनवेल मलाही आवडते, पण काटे आणि दोन वर्षांचं मूल यांची गाठ मला घालायची नाही. अडुळसा त्या उन्हात रडेल, तो घराच्या मागे सावलीत लावा.

सासूबाईंना सांगा, कण्हेर नाही पण घटाची फुलं दारात येणार आहेत. फक्त यंदाच्या नवरात्रात रोप वीत-दीड वीतच असेल, तेव्हा माळ नेहमीच्या फुलवालीकडूनच आणा.